तीनदा धुतलेला डबा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या संस्थेला सुरुवातीपासून सांभाळणारे माननीय हरिचंद गुरुजी, पंचायत समितीतून मुद्दाम वेळ काढून आलेले शेतकी विस्तार अधिकारी माननीय रूपसिंगसाहेब, जिच्यासाठी आपण जमलो ती आजची सत्कारमूर्ती चांगुणाबाई, वारंगा फाट्यावरून आणि आसपासच्या खेड्यांतून आलेले पालक, माताभगिनी, आणि चिवड्याच्या वासानं मघापासून चुळबुळ करणाऱ्या माझ्या विद्यार्थी मित्रांनो,

या वसतिगृहाचा सचिव म्हणून चार शब्द बोलायची पाळी माझ्यावर आली आहे. चार शब्दांत या उकंडरावाचं भाषण संपल्याचं कुणी पाहिलेलं नाही, हे मला माहीत आहे. गुरुजी आत्ताच घड्याळाकडे बघू लागले आहेत.

चांगुणाबाई बावीस वर्षांनी चुलीपुढून उठत आहेत. बाई, नीट टेकून बसा. खुर्ची तुमच्यासाठीच मांडली आहे. बावीस वर्षांत त्यांना आमच्यासमोर खुर्चीवर बसलेलं आम्ही कधी पाहिलं नाही, आणि बसा म्हणायचं आम्हाला कधी सुचलंही नाही. शाल देताना मला त्याचीच लाज वाटत होती.

यांच्या स्वयंपाकाचं कौतुक मी काय करू? ज्यांनी खाल्लं ते इथे बसले आहेत. पण त्यांच्या स्वयंपाकघराची रीत सांगतो. भांडी घासल्याचं पाणी मागच्या वाफ्यात जायचं, त्या वाफ्यातली अंबाडी आणि चुका पोरांच्या ताटात यायचा. सालपटं शेळीला, लेंड्या वाफ्याला, चुलीतली राख पुन्हा भांड्यांना. त्या अंगणातून टाकून द्यायला बाहेर काही जातच नव्हतं. एकदा एका दानशूर व्यापाऱ्यानं वनस्पती तुपाचे दोन डबे पाठवले. आम्ही समितीवाले हरखून गेलो. बाईंनी बोटानं थोडं उचललं, थंडीत ते बोटाला तसंच धरून राहिलं. म्हणाल्या, "सायेब, हे ताटाचं निघंना, तर लेकराच्या पोटातून कसं निघंल?" आम्ही हसलो. तूप मात्र त्यांनी चुलीपाशी येऊ दिलं नाही. करडईचं तेल आणि जवसाची चटणी, यावर पोरं पैलवान झाली.

आता थोडं माझ्याविषयी. रूपसिंगसाहेब, रागावू नका, यात तुमचंही खातं येतं. हायब्रीड ज्वारी या भागात पहिल्यांदा पेरणाऱ्यांत मी होतो. तालुक्यात पहिला नंबर आला, फेटा बांधून फोटो निघाला. त्या ज्वारीनं बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्या कणग्या भरल्या, हे मी नाकारलं तर मी कृतघ्न ठरेन. दुष्काळात रेशनवर आलेल्या परदेशी लाल मिलो ज्वारीची भाकर ज्यांनी खाल्ली, त्यांना घरची ज्वारी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पण खरं सांगा, कडबा कुठे गेला? पूर्वी ज्वारीत बैल शिरला तर दिसायचा नाही, आता कुत्रं शिरलं तरी दिसतं. बैलानं काय खावं? पहिल्या वर्षी एक पोतं खत पुरलं, आता तेवढ्याच रानाला तीन लागतात. दरवर्षी नवं बी, दरवर्षी नवी कीड, आणि त्या किडीसाठी दरवर्षी जास्त कडक औषध. याला आम्ही प्रगती म्हणत होतो. मी तर सगळ्यांत मोठ्यानं म्हणत होतो.

आणि त्या औषधाचे डबे रिकामे व्हायचे. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे रिकामा डबा कुणी फेकतं का? चांगला जाड पत्रा, वर मूठ, घट्ट झाकण. खताच्या गोणीची आपण सतरंजी शिवतो, त्यात डाळ भरतो. डब्याचं काय वेगळं?

त्र्याहत्तर सालचा श्रावण. वसतिगृहाचा तेलाचा डबा गंजून गळायला लागला होता. मी माझ्या शेतावरचा फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा घेतला. मातीनं घासला, राखेनं घासला, तीनदा गरम पाण्यानं धुतला, चार दिवस उन्हात पालथा घातला. वरचं चित्र खिळ्यानं खरवडून काढलं. ते चित्र कशाचं होतं, हे मी इथे सांगायला नको. आणि मोठ्या ऐटीत तो डबा मी स्वतः सायकलवरून स्वयंपाकघरात आणून दिला. संस्थेचा खर्च वाचवला म्हणून मी माझी मलाच शाबासकी देत होतो.

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्या डब्यातल्या तेलाची फोडणी वरणाला दिली. बेचाळीस पोरं ताटं घेऊन बसली होती. त्यांपैकी दोघं आज मास्तर होऊन समोर बसले आहेत. बाईंना वास आला. करडईचा नव्हे, दुसराच. त्यांनी वरणाची दोन्ही पातेली उचलली, मागे खड्डा केला आणि ओतली. डब्यातलं सगळं तेलही त्याच खड्ड्यात ओतलं, वर माती लोटली. पोरांना कांदा-मीठ-भाकर दिली.

मी पोचलो तेव्हा त्या खड्डा बुजवत होत्या. दुष्काळ सरून अजून वर्ष झालं नव्हतं, आणि एक बाई वरण मातीत घालते आहे! मी तिथल्या तिथे संध्याकाळची बैठक बोलावली. समितीसमोर मी विचारलं, "अन्न काहून फेकलं?"

"वास येऊन राहिला व्हता, सायेब."

"कशाचा?"

"डब्याचा."

समितीतलं कुणीतरी म्हणालं, डबा तर नवा दिसतो, कुठून आणला? बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मीही त्यांच्याकडे पाहिलं. आणि मी म्हणालो, "बाजारातून आणला."

आत्ता तुम्हाला जे कळलं, ते मला तेव्हाच कळलं होतं. वास कशाचा, हे त्या समितीत मला एकट्याला बराबर ठाऊक होतं.

चांगुणाबाईंना सक्त ताकीद दिल्याचा ठराव झाला. अन्नाची नासाडी, असं त्यात लिहिलं आहे. खाली सही माझी आहे. कोठीच्या किल्ल्या त्यांच्याकडून काढून घेतल्या. तेव्हापासून आजवर पाच वर्षं रोज सकाळी ही बाई कारकुनाच्या दाराशी पीठ मागायला उभी राहिली. मी येता-जाता ते पाहिलं.

काल संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. विचारलं, "बाई, त्या दिवशी खरं का सांगितलं नाही?"

त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर गावोगाव झालं असतं की होस्टेलात जहर खाऊ घालून राहिलेत. मंग मायबापांनी लेकरं घरी नेली असती. गुरं वळायला गेली असती समदी. माझ्या किल्ल्याच गेल्या, त्यांची शाळा तरी न्हाई गेली."

मी म्हणालो, उद्या सगळ्यांसमोर सांगतो. त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाल्या, "सांगा. पण माझ्यासाठी नका सांगू. तसले डबे घरोघर हायेत. शेजारच्या सोजराबाईच्या घरी पाणी भरून ठिवतेत त्याच्यात. त्यांच्यासाठी सांगा."

म्हणून सांगितलं. मंडळी, आज घरी गेल्यावर कोनाड्यातले, माळ्यावरचे डबे खाली काढा. औषधाचा असेल तो ठेचा, विहिरीपासून लांब खोल पुरा. तीनदा धुतला म्हणून विष जात नाही. रूपसिंगसाहेबांना माझी विनंती आहे, औषध कसं फवारायचं ते सांगायला तुम्ही गावात येता, तेव्हा डब्याचं काय करायचं तेही सांगत जा. आणि शेताला थोडं कमी औषध पाजून, वाफ्याला थोडं भांड्यांचं पाणी घालून कसं जगता येतं, ते बघायला आमचं मागचं अंगण आहे.

गुरुजी, तो ठराव रद्द करावा असा अर्ज मी मघाशी आपल्या हाती दिला आहे. खाली सही पुन्हा माझीच आहे.

आपण सर्वांनी इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलंत, मांडवासाठी सोनाजींनी सतरंज्या दिल्या, पोरांनी रात्रीपासून राबून अंगण सारवलं, त्या सगळ्यांचे मी संस्थेच्या वतीनं आभार मानतो. मानपानात कुणाचं नाव राहिलं असेल, बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर आपण मोठ्या मनानं क्षमा करावी. त्या डब्याची क्षमा मात्र मी आपल्याकडे मागत नाही. ती द्यायचा हक्क आपला नाही.

चांगुणाबाई, मी खोटं बोललो. मला माफ करा.