मुलुंड ते अंधेरी, हातात पिशवी

अगं, आईची पैठणी कशी वाचली ते ऐक. मला अर्धशिशी आहे, वर गाडीही लागते, हे तुला माहितीय. परवा मामेबहिणीच्या साखरपुड्याला मुलुंडहून अंधेरीला टॅक्सीने निघाले. अंगावर ती पैठणी, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात प्लास्टिकची पिशवी. पवईपर्यंत अर्धं डोकं ठणकायला लागलं आणि पोटात ढवळायला लागलं.

मी टॅक्सीवाल्यांना म्हटलं, "काका, तो आरशाला टांगलेला सेंट काढता का? मला गाडी लागते."

त्यांनी तो काढून खणात कोंबला आणि म्हणाले, "माका पण लागता."

"मग टॅक्सी कशी चालवता?"

"चालवणाऱ्याला लागत नाय. म्हणून तर हा धंदा धरला. मागे बसलो की दहा मिनिटांत उलटी."

"आणि लग्नात काय केलंत? नवरदेवाला तर मागेच बसवतात."

"नाय बसलो. मुंडावळ्या कानामागे खोचल्या आणि घाटकोपरच्या हॉलवरून घरापर्यंत माझी टॅक्सी मीच चालवली. मागे बायको एकटी, रडत होती. सिग्नलला एक जण खिडकीशी आला. गाडीवरची फुलं नाय बघितली, बायको नाय बघितली. विचारतो, 'विक्रोळी येणार का?'"

पिशवी तोंडाशी धरूनच मी विचारलं, "मग?"

"मग काय? सवयीने बोललो, नाय जाणार."

हसून हसून डोकं आणखी ठणकलं, पण पिशवी अंधेरीपर्यंत कोरी राहिली.