निळ्यांचं कुंपण

नाही नाही, तिथे नका बसू, खूर कापताना ही शेळी लाथ मारते — हं, तिकडे बसा. तर काय म्हणत होता, निळी फुलपाखरं कमी झाली? झाली म्हणे! अहो साहेब, तुमच्या खात्यानंच घालवली की. टेकडीला कुंपण घातलंत, शेळ्यांना बंदी केलीत, पहाऱ्याला माझ्याच नवऱ्याला बसवलंत, वर पाटी लावलीत — पाटीवरचं फुलपाखरू कोंबडीएवढं. खरं असतं नखाएवढं. कधी गुडघे टेकून बघितलंत? नाही बघितलंत. पँट मळते.

शेळ्या काय फुलपाखरं खातात? गवत खातात. गवत आखूड राहिलं की खालच्या वेलीला ऊन लागतं — अंडी त्याच वेलीवर घालणार, दुसरीकडे मेली तरी नाही — मग अळीला मुंग्या राखतात, ती गोड रस देते ना त्यांना, आणि मुंग्यांनाही ऊन लागतंच. आता गवत कमरेएवढं. वेल गुदमरली, मुंग्या गेल्या, अळ्यांना कुणी वाली उरला नाही. एवढं कळायला किती शिकावं लागतं? मी तर शाळेचं तोंडही पाहिलेलं नाही.

काय? वरच्या कोपऱ्यात अजून चाळीस दिसली? दिसणारच. आणि ती कुंपणामुळे वाचली असं लिहिलंत? वा! माझ्या सात शेळ्या, तीन वर्षं, रोज दुपारी, तुमची जीप गेली रे गेली की — आणि श्रेय तारेला! फार वेळ नाही ठेवत मी, वेलीला तोंड लावलं की हाकलते. तार कशाला तोडू? फाटकातून जाते सरळ. किल्ली घरातच खुंटीला —

कुठली किल्ली? मी कुठे किल्ली म्हटलं? त्याला यातलं काही ठाऊक नाही. नवरा असला म्हणून काय झालं, लग्न झाल्यापासून माझं एक ऐकलेलं नाही त्यानं.

लिहिताय काय? — बरं, लिहा. नोकरी घालवा त्याची. कुलूप बदला. पण बदललंत तर त्या चाळिसांतलं एकही उरणार नाही, आणि मला ते बघवणार नाही, हेही लिहा खाली. लिहा ना.

नाही ना लिहवत? मग उठा आता. दुपार झाली, शेळ्या सोडायच्यात मला.