हजेरीबाबूंची प्रत

प्राध्यापक : पण मी सांगितलं काय होतं? एक जुनी बातमी घ्या, तिथे जा, पुढे काय झालं ते विचारून या. माझीच बातमी घे असं म्हटलं होतं?

विद्यार्थिनी : कुठलीही घ्या म्हणाला होतात, सर. मी रंगाच्या कारखान्याची घेतली.

प्राध्यापक : मस्का लावायला. बरं, कोण भेटलं?

विद्यार्थिनी : हजेरीबाबूंच्या घरी जाऊन आले.

प्राध्यापक : कोण हजेरीबाबू?

विद्यार्थिनी : हजेरीचे कारकून. स्फोटात अकरा जण गेले आणि कारखाना म्हणत होता, चारच कामावर होते. खरी वही तुम्हाला त्यांनी दिली.

प्राध्यापक : हे बघ, वही कुणी दिली ते मी कोर्टात सांगितलं नाही, संपादकांना नाही, बायकोलाही नाही. नाव सांगत नाही म्हणून नऊ दिवस आत बसलोय. त्या नऊ दिवसांवर पुस्तक उभं आहे आणि पुस्तकावर ही खुर्ची. तुला कुणीतरी थाप मारली.

विद्यार्थिनी : तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, सर. बसमधून उतरून किराणा दुकानात विचारलं, दुकानदाराने सरळ घर दाखवलं.

प्राध्यापक : मग त्यानेच कुठेतरी तोंड उघडलं असणार. माणसं बढाया मारतात.

विद्यार्थिनी : ते गेले. सहा वर्षं झाली.

प्राध्यापक : कशाने?

विद्यार्थिनी : छातीच्या दुखण्याने. टेबलावरून उठवून त्यांना रंगाची भुकटी दळतात त्या शेडमध्ये टाकलं. पन्नाशीचा माणूस. दीड वर्ष काढलं कसंबसं.

प्राध्यापक : टाकलं कधी?

विद्यार्थिनी : तुमचं पुस्तक आलं त्याच महिन्यात.

प्राध्यापक : पुस्तकात त्याचं नाव नाही. वय नाही, काम नाही. 'एक माणूस', एवढंच लिहिलंय मी.

विद्यार्थिनी : छापलेल्यात नाही, सर. ही प्रत बघा. त्यांच्या बायकोने, काकूंनी दिली. पहिलं पान.

(प्राध्यापक पान उघडतात.)

विद्यार्थिनी : अक्षर तुमचंच ना?

प्राध्यापक : 'हजेरीबाबूंना. तुमच्या वहीशिवाय हे पुस्तक झालं नसतं. सप्रेम.' हो. माझंच. प्रकाशनाच्या दिवशी चाळीसेक प्रतींवर सह्या केल्या. हारतुरे, फोटो, मी हवेतच होतो. प्रकाशकाचा माणूस पत्ते मागायला आला, मी डायरी पुढे केली. त्यात याचा कारखान्याचाच पत्ता होता.

विद्यार्थिनी : तिथलं टपाल आधी मॅनेजर उघडतो.

प्राध्यापक : माहीत आहे. मीच लिहिलंय ते, याच पुस्तकात.

विद्यार्थिनी : मॅनेजर स्वतः टेबलापाशी घेऊन आला म्हणे. 'बाबू, तुमची भेट आलीय.'

प्राध्यापक : मग मला एका शब्दाने कळवायचं होतं. ओळखी होत्या माझ्या, काहीतरी केलं असतं.

विद्यार्थिनी : काकू म्हणत होत्या, कळवा. ते म्हणाले, त्यांनी प्रेमाने पाठवलंय, कशाला त्यांच्या जिवाला घोर.

प्राध्यापक : आणि मी दर वर्षी पहिल्या तासाला ते नऊ दिवस रंगवून सांगतो.

विद्यार्थिनी : ते ऐकूनच मी हा विषय घेतला, सर.

प्राध्यापक : सोमवारी हे वर्गात वाचायचंय तुला.

विद्यार्थिनी : तुम्ही नको म्हणालात, तर दुसरी बातमी शोधते. अजून चार दिवस आहेत.

प्राध्यापक : तसंच म्हणणार होतो. तू आत आल्यापासून तेच तोंडावर येतंय. लाज वाटते. वाच तू. माझं नाव घालून वाच. बाईंचं मात्र घालू नकोस.

विद्यार्थिनी : नाही घातलं.

प्राध्यापक : आणि त्यांचा पत्ता दे. दोन ओळी लिहून आजच पाठवतो.

विद्यार्थिनी : नको, सर. निघताना त्यांनी तेवढंच सांगितलं. टपालाने काही पाठवू नका म्हणावं.