आई कशी होती

कझानलकच्या दवाखान्यात रुमियाना नंबराची वाट बघत होती. शेजारी दोन म्हाताऱ्या बहिणी बोलत होत्या.

"डॉक्टर काय म्हणाले, त्सोंकाताई?"

"साखर अशीच राहिली तर मेंदूवर परिणाम होईल म्हणे. आठवणी पुसत जातील."

"मग गुलकंद सोड की!"

"आईच्या हातची चव आहे गं ती, नेदा."

"मला कुठे ठाऊक? ती गेली तेव्हा मी चार दिवसांची होते. माझी आई आता फक्त तुझ्या डोक्यात आहे, ताई. तेवढी तरी राहू दे."

"...सोडला, जा. आता ऐक. पाकात पाकळ्या घालताना आई गायची. इतकी बेसूर, की माणसं खिडकीशी थांबून हसायची. आणि सगळ्यांत मोठ्यानं आईच हसायची."

रुमियानाचं नाव पुकारलं. तिनं मागच्या बाईला पुढे जायला खुणावलं.