वडाची फांदी

बोन्साय मी निवृत्तीनंतर सुरू केलं, म्हणजे वर्षभर नुसतं वाचलं. ठाकुर्लीच्या नर्सरीतून कुंडीत मावणारा वीतभर वड आणला होता. त्याची एक फांदी वर चालली होती, ती तार गुंडाळून खाली वाकवायची होती. पण मोडली तर? वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. असूनही हात पुढे होईना.

वटपौर्णिमेला शेजारच्या सावंतबाई ताट घेऊन दारात उभ्या. "काका, तुमच्याकडे वड आहे ना? गेटजवळच्या झाडाला केवढी गर्दी आहे!"

"अहो, ते अजून शिकाऊ झाड आहे."

"चालेल, आमचे हेही तसेच आहेत."

त्यांनी कुंडी स्टुलावर ठेवली आणि फेरे सुरू केले. दोरा नेमका त्या फांदीवरून जाऊन कुंडीभोवती बसत होता. प्रत्येक फेऱ्याला फांदी खाली येत होती.

"सावंतबाई, जरा सैल!"

"सैल कसा बांधू, काका? सात जन्मांचा प्रश्न आहे."

त्या गेल्यावर मी कात्री उचलली, तर बायकोने हात धरला. "पूजेचा दोरा कापतात का?"

मग रोज सकाळी पानं गळली का ते पाहायचो. दिवाळीच्या साफसफाईत तिने दोरा काढू दिला. फांदी खाली वाकलेलीच राहिली, अगदी पुस्तकातल्यासारखी.

ठाण्याचा माझा मित्र बोन्सायमधला जुना जाणकार. तो घरी आला तेव्हा त्याने कुंडी चारही बाजूंनी फिरवून पाहिली. "पहिल्याच झाडाला एवढं वळण? भीती नाही वाटली?"

"मला वाटली," मी म्हणालो. "सावंतबाईंना नाही."