सोळा नंबरचा धूर

माननीय अध्यक्ष आणि आमच्या रेल्वेचे प्रशासक इग्नासिओ बारेइरोसाहेब, व्यासपीठावरील नगराध्यक्षा, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते इंजिनचालक अन्सेल्मो कुरुमिल, आणि वाऱ्याला दाराबाहेर ठेवून आत आलेल्या कान्यादोन पार्दो गावच्या बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. पॅटागोनियातली आमची नॅरोगेज गाडी तेवढ्यात एक वळणसुद्धा घेत नाही. तरी प्रयत्न करतो.

बावीस वर्षं मी, लेआंद्रो आणि नेलिदा एका खटारा पिकअपमधून फोटोंसाठी या गाडीचा पाठलाग करतो आहोत. ती रुळावर, आम्ही खडीच्या रस्त्यावर. तिच्याआधी दगडी वळण गाठायचं आणि कुंपणाच्या तारेला लाल फडकं अडकवायचं. ते दिसलं की अन्सेल्मोदादा भट्टीत वाळू टाकायचे. नळ्यांतली काजळी झडायची आणि असा काळाकुट्ट लोट उठायचा, की फोटो बघणाऱ्याला खोकला यावा!

गेल्या हिवाळ्यात धूर थांबला. फडकं तारेवर फडफडतंय आणि दादा वाफ बंद करून समोरून मुकाट घसरत जाताहेत. एकदा नाही, अकरा वेळा. वळण संपलं, की टेकडीमागून मात्र धूर वर!

तुम्ही काय समजला असता? आम्ही वाईटच समजलो.

"म्हाताऱ्याला कुणीतरी पटवलंय," लेआंद्रो म्हणाला.

"टेकडीमागे दुसरंच कुणी कॅमेरा लावून बसत असणार," नेलिदा म्हणाली.

जाऊन पाहिलं. तिथं तीन मेंढ्या होत्या. लेआंद्रोचा त्यांच्यावरही विश्वास बसेना.

शेवटी दादांचं घर गाठलं. त्यांनी 'माते'चं, म्हणजे आपल्या कडू पानांच्या चहाचं, भांडं पुढे केलं. मी घेतलं नाही. माते नाकारणं म्हणजे तोंडावर चोर म्हणणं, हे या सभागृहाला सांगायला नको.

"धूर कुणासाठी राखून ठेवताय?" मी विचारलं.

"बस खाली, शहाण्या," म्हणाले आणि एक गुळगुळीत पुस्तिका माझ्यापुढे टाकली. परदेशी संग्राहकांसाठी विक्रीला काढलेली इंजिनं. पहिल्याच पानावर आमचं सोळा नंबरचं इंजिन, दगडी वळणावर, धुरासकट. फोटो माझा. बॉयलर ठणठणीत असल्याची खालची ओळही माझीच, कौतुकानं जगभर वाटलेली.

"बाजारात घोडी फिरवावी तशी तुम्ही माझी गाडी मिरवलीत," दादा म्हणाले. "तुमच्या फोटोंतून गिऱ्हाईक बघत असताना मी निदान तिला लंगडत चालवतोय."

सज्जनहो, उद्या सकाळी सोळा नंबर ट्रेलरवर चढतंय. 'दुरुस्तीसाठी' म्हणे. चालक निवृत्त झाला आणि इंजिन आजारी पडलं, दोन्ही एकाच आठवड्यात! अध्यक्षमहाराज, आपण सत्कारमूर्तींना सुंदर घड्याळ दिलंत. आता एक तारीखही द्या. इंजिन परत कधी येणार? आपण पाण्याचा ग्लास उचललात. सावकाश प्या, मी थांबतो.

...

तारीख मिळालेली नाही, याची सभेनं नोंद घ्यावी.

दादा, बावीस वर्षांच्या धुराबद्दल आभार, आणि त्या न घेतलेल्या मातेबद्दल क्षमा करा. सभेत इतर कुणाला माझे शब्द लागले असतील तर त्यांनीही माझी चूक पदरात घ्यावी. अध्यक्षांची क्षमा मात्र मी इंजिन परत आल्यावर मागेन.

आमची पिकअप आत्ता यार्डाच्या फाटकात आडवी उभी आहे. चावी दादांच्या खिशात आहे. उद्या आठ वाजता सगळ्यांनी या.

आणि कॅमेरे घरी ठेवा.