सासरी मलेरियाच सांगितलंय

उरणच्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर एक डॉक्टरबाई आणि त्यांच्या गावची एक म्हातारी बसल्या होत्या.

"तू मलेरियाची डाक्टर ना, नामाची सून?"

"खरं सांगू, आजी? माझं संशोधन एचआयव्हीवर आहे. बारा वर्षं झाली."

"मंग मलेरिया कोनी सांगला?"

"मीच, सासूबाईंना. लोकांनी हा आजार लपवू नये, यावर माझे नऊ लेख छापून आलेत, भाषणंही देते. आणि घरी पुस्तकांना वर्तमानपत्राचं कव्हर घालते."

"सासूला भितंस?"

"शेजारणींना. हसा, आजी. माझं मलाच हसू येतं."

"मी कशाला हसू? सात वर्सं मला तुझ्याच आजाराची गोली चालू हाय. सुनेला सांगलंय, बीपीची."